भाज्यांसह झटपट तिखट बीफ आणि भात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा पदार्थ खरोखरच झटपट होतो का?

आचेवरचे काम आठ ते दहा मिनिटांत आटोपते. मात्र त्याआधी मांस कापणे, मुरवणे, भाज्या चिरणे आणि सॉस कालवून ठेवणे यांत वीस-पंचवीस मिनिटे जातात, आणि ती हिशेबात धरली नाहीत तर ‘दहा मिनिटांत तयार’ हे शब्द फसवे ठरतात. कढई एकदा तापली की लसूण सोलायला किंवा सोया सॉसची बाटली शोधायला सवड मिळत नाही. तेवढ्या वेळात मांस वातड होते आणि मिरची जळते. म्हणून सर्वांत आधी भात चढवावा, तो शिजून दमावर बसेपर्यंत सगळी चिराचिरी उरकावी, आणि प्रत्येक जिन्नस वेगळ्या वाटीत हाताशी ठेवूनच गॅस पेटवावा.

चार माणसांसाठी प्रमाण काय घ्यावे?

बीफ ५०० ग्रॅम, सगळ्या भाज्या मिळून साधारण तेवढ्याच आणि तांदूळ ३०० ग्रॅम पुरेसे होतात. मांस मुरवण्यासाठी एक मोठा चमचा सोया सॉस, एक मोठा चमचा कॉर्नफ्लॉवर आणि एक लहान चमचा तेल घ्यावे. वरून घालायच्या सॉससाठी दोन मोठे चमचे सोया सॉस, एक मोठा चमचा लाल मिरचीची पेस्ट, एक लहान चमचा व्हिनेगर, एक लहान चमचा साखर, एक लहान चमचा कॉर्नफ्लॉवर आणि चार मोठे चमचे पाणी एकत्र कालवून ठेवावे. याशिवाय लसणाच्या पाच-सहा पाकळ्या, बोटाच्या पेराएवढे आले, चार सुक्या लाल मिरच्या आणि परतण्यासाठी तीन मोठे चमचे तेल लागते. येथे मोठा चमचा म्हणजे १५ मिलिलिटरचा आणि लहान चमचा म्हणजे ५ मिलिलिटरचा समजावा.

बीफचा कोणता भाग घ्यावा?

जो भाग मिनिटा-दोन मिनिटांत शिजून मऊ राहतो, तोच येथे चालतो. पोटाखालचा फ्लँक, कमरेजवळचा सर्लोइन आणि मागच्या पुठ्ठ्याचा रम्प हे तिन्ही भाग योग्य आहेत. मला स्वतःला फ्लँक सर्वांत आवडतो, कारण त्याची चव गडद असते आणि त्यातील धागे इतके स्पष्ट दिसतात की कोणत्या दिशेने कापायचे याविषयी शंकाच राहत नाही. नळीचे किंवा खांद्याचे मांस मात्र रश्श्यासाठी ठेवावे. या भागांत संयोजी ऊतक, म्हणजे कोलॅजन, भरपूर असते, आणि ते विरघळून मऊ होण्यास मंद आचेवर दोन-तीन तास लागतात. मोठ्या आचेच्या दोन मिनिटांत ते फक्त आकसते, आणि घास चावून चावून जबडा दुखू लागतो.

दुकानात ‘परतण्यासाठी’ म्हणून आधीच कापून ठेवलेले तुकडे शक्यतो टाळावेत, कारण त्यांत बहुधा वेगवेगळ्या भागांची सरमिसळ असते आणि ते एकाच वेळी शिजत नाहीत.

मांस ‘आडवे कापावे’ म्हणजे नेमके काय करावे?

मांसाचा तुकडा पाटावर ठेवून नीट न्याहाळावा. त्यावर एका दिशेने जाणाऱ्या बारीक समांतर रेषा दिसतात. ते स्नायूंचे धागे होत. सुरी या धाग्यांना काटकोनात चालली पाहिजे. धाग्यांच्या दिशेने कापले तर प्रत्येक कापात ते संपूर्ण लांबीचे राहतात आणि दातांना दोरी तोडावी लागते. आडवे कापले तर प्रत्येक धागा तीन-चार मिलिमीटरचाच उरतो आणि घास आपोआप सुटतो. एकाच तुकड्याचा अर्धा भाग उभा आणि अर्धा आडवा कापून एकत्र शिजवून पाहावा. दोन्ही घास एकाच मांसाचे आहेत यावर विश्वास बसत नाही.

एवढे पातळ काप काढणे मऊ मांसात अवघड जाते. त्यासाठी मांस तीस ते चाळीस मिनिटे फ्रीझरमध्ये ठेवावे. ते पुरते गोठू देऊ नये. बोटाने दाबल्यावर बाहेरून टणक आणि आतून किंचित नरम लागले की सुरी सरळ उतरते आणि काप एकसारखे निघतात.

माझे मांस तपकिरी न होता करडे का पडते आणि पाणी का सोडते?

हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे. माझ्या मते या पदार्थातील निम्म्याहून अधिक तक्रारींचे मूळही येथेच असल्यामुळे त्याचे उत्तर थोडे सविस्तर देतो.

पाणी उघड्या भांड्यात साधारण १०० अंश सेल्सियसला उकळते आणि ते पृष्ठभागावर आहे तोवर मांसाचा तो भाग त्याहून फारसा तापू शकत नाही. भाजल्याचा तपकिरी रंग आणि खमंग वास ज्या क्रियेमुळे येतो, ती मायार क्रिया मात्र साधारण १४० अंशांच्या पुढे जोर धरते. प्रथिनांतील अमिनो आम्ले आणि शर्करा यांच्यातील ही क्रिया फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मायार यांनी १९१२ मध्ये मांडली. म्हणजे मांस ओले आहे तोवर ते वाफेवर शिजते, भाजले जात नाही. त्यातच पाण्याची वाफ करणे हे उष्णतेच्या दृष्टीने फार महाग काम आहे : खोलीच्या तापमानाचे एक ग्रॅम पाणी उकळीपर्यंत नेण्यास जितकी उष्णता लागते, त्याच्या सहापटींहून अधिक उष्णता त्या उकळत्या पाण्याची वाफ करण्यास लागते. घरच्या शेगडीची आच ही मागणी एका मर्यादेपलीकडे पुरी करू शकत नाही.

सुरुवातीच्या काळात मी अर्धा किलो मांस एकदम कढईत टाकले होते. पहिले पाच-सात सेकंद ‘चर्र’ असा दमदार आवाज आला, मग तो हळूहळू बसत गेला आणि मिनिटभरात कढईत करड्या पाण्याचे तळे साचून मांस त्यात खदखदू लागले. ते पाणी आटेपर्यंत मांस शिजून चिवट झाले होते. तेव्हापासून मी घड्याळाकडे न पाहता कानाने शिजवतो. चरचर टिकून असली तर सगळे ठीक आहे. आवाज खदखदीकडे झुकला तर कढईत माल जास्त झाला आहे किंवा आच कमी पडते आहे.

यावर उपाय तीन आहेत आणि ते तिन्ही एकत्र करावे लागतात. मुरवण्यापूर्वी मांस कागदी रुमालाने दाबून अगदी कोरडे टिपावे, आणि मुरल्यानंतर वाटीच्या तळाशी पाणी साचले असेल तर ते कढईत ओतू नये. कढई रिकामी असतानाच पूर्ण तापवावी; तेल घालण्यापूर्वी पाण्याचा एक थेंब टाकून पाहावा, तो पसरून आटण्याऐवजी गोळी होऊन इकडून तिकडे पळू लागला की कढई तयार आहे, आणि तो थेंब पुरता नाहीसा झाल्यावरच तेल घालावे. शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ५०० ग्रॅम मांस दोन किंवा तीन खेपांत परतावे, प्रत्येक खेपेचे काप एका थरात पसरावेत आणि पहिले मिनिटभर त्यांना हात लावू नये. खालची बाजू तपकिरी झाली की उलथण्याने उलटून आणखी अर्धे मिनिट ठेवावे आणि लगेच ताटलीत काढावे. मांस या वेळी किंचित कच्चे वाटले तरी हरकत नाही, कारण शेवटी सॉसबरोबर ते पुन्हा कढईत येणार असते.

खाण्याचा सोडा लावणे आवश्यक आहे का?

फ्लँक किंवा सर्लोइन नीट कापले असेल तर आवश्यक नाही. पुठ्ठ्याच्या मांसाला मात्र त्याचा खरोखर उपयोग होतो. सोडा अल्कधर्मी असल्यामुळे मांसाच्या पृष्ठभागावरील प्रथिने शिजताना एकमेकांना घट्ट बिलगत नाहीत आणि आतील रस पिळून निघत नाही. ५०० ग्रॅम मांसाला अर्धा लहान चमचा सोडा दोन मोठ्या चमचे पाण्यात कालवून चोळावा, पंधरा ते वीस मिनिटे ठेवावा, नंतर मांस थंड पाण्यात विसळून पुन्हा कोरडे टिपावे आणि मगच मुरवण लावावी. विसळताना मांस धारेखाली न धरता भांड्यातील पाण्यात बुडवावे, म्हणजे कच्च्या मांसाचे शिंतोडे ओट्यावर उडत नाहीत. सोडा जास्त झाला किंवा तासभर राहिला तर मांस लिबलिबीत होते आणि साबणासारखी चव येते.

मुरवणीत कॉर्नफ्लॉवर कशासाठी?

त्याचा पातळ थर मांसाला आवरण देतो, रस आत राखण्यास मदत करतो आणि शेवटी सॉस त्या थराला धरून राहतो. साखर मात्र मुरवणीत घालू नये, कारण मोठ्या आचेवर ती मांसाच्या आधी करपते.

वॉक (चिनी पद्धतीची खोलगट कढई) नसेल तर चालेल का? नॉनस्टिक तवा वापरावा का?

जाड बुडाची लोखंडी कढई किंवा बिडाचा पसरट तवा उत्तम चालतो; घरच्या शेगडीवर तर पातळ वॉकपेक्षा तो सरस ठरतो असे माझे मत आहे. व्यावसायिक स्वयंपाकघरातील बर्नरची ज्वाला घरच्या शेगडीपेक्षा कितीतरी प्रखर असते, त्यामुळे तेथील पातळ वॉक मांस पडल्यावर क्षणात पुन्हा तापतो. घरी ती सोय नसते, म्हणून उष्णता साठवून ठेवणारे जड भांडे हवे. नॉनस्टिक भांड्याविषयी मी सावध राहण्याचा सल्ला देईन : त्यावरील पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनचा, थर साधारण २६० अंशांच्या वर खराब होऊ लागतो, आणि मोठ्या आचेवर ठेवलेला रिकामा तवा काही मिनिटांतच त्या तापमानाला पोहोचतो. तेच भांडे वापरायचे असेल तर ते रिकामे तापवू नये, मध्यम आचेवर तेलासह तापवावे आणि मांसाच्या खेपा आणखी लहान कराव्यात.

तेल कोणते वापरावे?

मोठी आच सोसणारे कोणतेही रिफाइंड तेल चालते. शेंगदाण्याचे, सूर्यफुलाचे किंवा मोहरीच्या जातीतील कॅनोलाचे. भाजलेल्या तिळांचे गडद तेल परतण्यासाठी वापरू नये, कारण ते लवकर धुरावते आणि त्याचा सुगंध जळून जातो. ते गॅस बंद केल्यावर अर्धा लहान चमचा शिंपडावे. तापलेल्या तेलाने पेट घेतलाच तर गॅस बंद करून कढईवर झाकण ठेवावे. त्यावर पाणी कधीही ओतू नये.

भाज्या कोणत्या घ्याव्यात आणि कोणत्या क्रमाने घालाव्यात?

भाज्यांची निवड मोकळी आहे, क्रम मात्र मोकळा नाही. गाजर, फरसबी आणि ब्रोकोलीचे देठ यांना वेळ लागतो म्हणून ते आधी पडतात; ब्रोकोलीचे तुरे, ढोबळी मिरची आणि कांदा मध्ये; कोबी, मोड आलेले मूग, पालक आणि पातीच्या कांद्याची हिरवी पात अगदी शेवटी. गाजराचे काप तिरके आणि पातळ काढावेत, म्हणजे आचेला भिडणारा पृष्ठभाग वाढतो आणि ते ढोबळी मिरचीबरोबरच शिजून तयार होतात. कांद्याच्या पाकळ्या मोठ्या आणि सुट्या ठेवाव्यात. बारीक चिरलेला कांदा पाणी सोडून सॉसमध्ये विरघळतो.

मश्रूम हे वेगळे प्रकरण आहे. त्यांत इतके पाणी असते की इतर भाज्यांबरोबर टाकल्यास सगळी कढई ओली होते. ते मांसानंतर एकटे परतावेत, पाणी सुटून आटले आणि कडा तपकिरी झाल्या की बाजूला काढावेत.

तीन किंवा चार भाज्या पुरेत. सात-आठ प्रकार घालण्याचा मोह होतो, पण मग प्रत्येकाची वेळ सांभाळता येत नाही आणि काही कच्चे, काही गाळ अशी गत होते. भाजी दाताखाली किंचित करकरीत लागली पाहिजे. कढईत ती अगदी बरोबर शिजली आहे असे वाटले तर ताटात येईपर्यंत ती जास्त शिजलेली असेल, कारण तिच्यातील उष्णता शिजवण्याचे काम चालूच ठेवते.

गोठवलेल्या भाज्या चालतात का?

चालतात, पण त्या बर्फाचे पाणी घेऊन येतात. वितळवून पिचकलेल्या भाज्या घालण्यापेक्षा त्या थेट फ्रीझरमधून, मूठ-मूठ करून, कडकडीत तापलेल्या कढईत टाकाव्यात आणि पाणी उडून गेल्यावरच पुढची मूठ घालावी. गोठवताना पेशींच्या भित्तिका फुटलेल्या असल्यामुळे ताज्या भाजीचा करकरीतपणा त्यांत येणार नाही, हे मात्र मान्य करावे.

तिखटपणा कमी-जास्त कसा करावा?

मिरचीचा झणझणीतपणा कॅप्सेसिनमुळे येतो आणि ते मुख्यतः बियांत नसून बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात तिच्यात असते. म्हणून तिखट कमी हवे असेल तर ती शीर खरवडून काढावी; नुसत्या बिया झटकून फारसे काही साधत नाही. कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळते. यामुळे सुक्या मिरच्या तेलात दहा-पंधरा सेकंद परतल्या की त्यांचे तिखट सगळ्या पदार्थात पसरते, तर सॉसमध्ये नंतर टाकलेली मिरची जागच्या जागी राहते आणि एखाद्याच घासाला लागते. मिरची काळी पडू लागली तर ती काढून टाकावी, कारण जळक्या मिरचीचा कडूपणा साखरेने झाकता येत नाही आणि तिचा धूर घशात जाऊन ठसका लागतो.

माझ्या दृष्टीने येथे तिखटाचे तीन थर हवेत : तेलात उतरलेली सुकी मिरची, सॉसमधील मिरचीची पेस्ट आणि शेवटी भुरभुरलेली ताजी ठेचलेली काळी मिरी. काळ्या मिरीचा तिखटपणा पिपरिन या वेगळ्या घटकाचा असल्यामुळे तो जिभेवर निराळा जाणवतो. पदार्थ फारच तिखट झाला तर पाणी न पिता दूध किंवा दही घ्यावे. दुधातील केसिन हे प्रथिन कॅप्सेसिनला जिभेवरून सोडवते.

आले-लसूण कधी घालावे?

भाज्या जवळजवळ झाल्यावर त्यांना कडेला सारून मध्ये थोडे तेल सोडावे आणि त्यात आले-लसूण वीस-तीस सेकंदच परतावे. सुरुवातीलाच घातलेला बारीक लसूण या आचेवर करपतो.

माझा सॉस कधी पाणीदार राहतो, कधी चिकीसारखा घट्ट होतो. असे का होते?

कॉर्नफ्लॉवर थंड पाण्यात विरघळत नाही, फक्त तरंगत राहते आणि थोड्याच वेळात वाटीच्या तळाशी बसते. कालवून ठेवलेला सॉस न ढवळता ओतला तर पाणी कढईत जाते आणि पीठ वाटीत उरते. पाणीदार सॉसचे हे सर्वांत नेहमीचे कारण आहे. ओतण्यापूर्वी चमचा तळापर्यंत घालून ढवळावे, सॉस कढईच्या कडेने सोडावा आणि तो बुडबुडे येऊन चकचकीत होईपर्यंत, म्हणजे तीस ते चाळीस सेकंद, परतावे. ढगाळ सॉस पारदर्शक झाला की पीठ शिजले असे समजावे. त्यानंतर आचेवर ठेवलेला प्रत्येक क्षण त्याला अधिक घट्ट करतो. तसे झाल्यास दोन चमचे गरम पाणी शिंपडून सॉस सैल करता येतो. मांस आणि त्याने ताटलीत सोडलेला रस सॉसच्या आधी कढईत परत घालावा.

मीठ किती घालावे?

बहुधा अजिबात नाही. साध्या सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असते आणि येथे असे तीन चमचे आहेत. मिरचीच्या पेस्टमध्येही मीठ असते. पदार्थ चाखून मगच निर्णय घ्यावा. गव्हाचे वावडे असणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की बहुतेक सोया सॉसमध्ये गहू असतो. त्यांनी गहू नसल्याचे वेष्टनावर स्पष्ट लिहिलेला तामारी (जपानी पद्धतीचा सोया सॉस) घ्यावा.

भात कोणता आणि कसा करावा?

लांब दाण्याच्या तांदळात अमायलोज हा पिष्टाचा प्रकार अधिक असल्यामुळे भात मोकळा होतो, तर आखूड दाण्याच्या तांदळात ते कमी असल्यामुळे तो चिकट होतो. या पदार्थासोबत मला मध्यम दाण्याचा, शिते एकमेकांना हलकेच धरून राहतील असा भात योग्य वाटतो, कारण तो सॉस शोषतो तरी लगदा होत नाही. तांदूळ पाणी बऱ्यापैकी नितळ होईपर्यंत धुवावा, एक वाटी तांदळाला दीड वाटी पाणी घालून उकळी आणावी, आच अगदी मंद करून घट्ट झाकणाखाली बारा मिनिटे शिजवावा आणि गॅस बंद केल्यावर दहा मिनिटे झाकण न उघडता ठेवावा. या शेवटच्या दहा मिनिटांत तळाची वाफ वरच्या शितांपर्यंत पोहोचते. मधे झाकण उघडून पाहण्याने भात बिघडतो, म्हणून मोह आवरावा. भातात मीठ घालू नये. सॉसचा खारटपणा उतरवायला तो अळणीच हवा.

कच्चे मांस हाताळताना काय काळजी घ्यावी?

मांस मुरवताना फ्रिजमध्ये, ४ अंश सेल्सियस किंवा त्याहून कमी तापमानात ठेवावे. भाज्या आधी चिराव्यात आणि मांस नंतर, म्हणजे पाट मधे धुवावा लागत नाही. ज्या ताटलीत कच्चे मांस होते तिच्यातच परतलेले मांस काढण्याची चूक घाईत हमखास होते. त्यासाठी दुसरी स्वच्छ ताटली आधीच बाजूला ठेवावी. बीफच्या अखंड तुकड्यासाठी ६३ अंश आणि नंतर तीन मिनिटे विसावा असा मापदंड आहे. पातळ काप सॉसमध्ये वाफाळेपर्यंत परतले आणि आत लाल कच्चेपणा उरला नाही की ते खाण्यायोग्य होतात.

कापांऐवजी खिमा वापरता येईल का?

येईल, आणि वेळही वाचेल. मात्र खिम्यात बाहेरचा पृष्ठभाग आत मिसळलेला असल्यामुळे तो ७१ अंशांपर्यंत पूर्ण शिजवावा लागतो. खिमा न ढवळता एका बाजूने चांगला तपकिरी होऊ द्यावा आणि मगच मोडावा.

आठ-दहा जणांसाठी करायचे असल्यास?

चिरणे आणि सॉस दुप्पट करावा, कढईतील माल कधीही दुप्पट करू नये. चार जणांचा पदार्थ दोनदा करणे एका मोठ्या ढिगाऱ्यापेक्षा लवकरही होते आणि चांगलेही.

उरलेला पदार्थ आणि भात किती दिवस ठेवता येतो?

परतलेले बीफ दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवल्यास तीन दिवस चांगले राहते. भाताबाबत अधिक दक्षता हवी. तांदळात बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. ते शिजवण्यातून तगून राहतात आणि भात कोमट राहिला तर वाढून विष तयार करतात, जे पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. म्हणून उरलेला भात पातेल्यात तसाच न ठेवता पसरट ताटात मोकळा करावा, तासाभरात फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत संपवावा. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात टाकून द्यावा.

गरम करताना भातावर चमचाभर पाणी शिंपडून तो झाकून वाफाळेपर्यंत तापवावा. मांस आणि भाज्या कढईत थोड्या पाण्याबरोबर एकदाच खणखणीत गरम कराव्यात; दुसऱ्यांदा गरम केलेल्या कापांत मऊपणा उरत नाही.